फोरमनसाहेबांचा मुका पक्षी

फोरमनसाहेबांनी डबीला किल्ली दिली आणि खटका सरकवला. झाकण टपकन उघडलं, अंगठ्याएवढा पक्षी ताडकन उभा राहिला, त्याने पंख फडफडवले, मान वळवली, चोच उघडली... आणि आवाजच नाही.

छापखान्यातून निवृत्त झाल्यावर साहेबांना किल्लीची जुनी खेळणी जमवायचा नाद लागला होता. ढोल बडवणारं माकड, मान डोलावणारी बाहुली, अशा मंडळींनी कपाटात बिऱ्हाड थाटलं होतं. पण साहेबांचा जीव होता तो या गाणाऱ्या पक्ष्यावर. डबी रुमालात गुंडाळून त्यांनी तडक घड्याळजीचं दुकान गाठलं.

घड्याळजीने किल्ली दिली. "छान गातोय की!"

"कुठे गातोय? नुसती चोच हलवतोय."

"अहो काका, मंजुळ गातोय."

"माझी थट्टा करतोस?" साहेब डबी उचलून घरी आले. बायकोही "गोड वाजतंय हो" म्हणाली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली की ही आपली समजूत काढतेय.

मग त्यांनी स्वतःच बाह्या सरसावल्या. डबीच्या पोटात पक्ष्याच्या शिट्टीला हवा देणारा, काडेपेटीहून लहान भाता होता. त्याचं कातडं सोलून साहेबांनी जुन्या हातमोज्याचा तुकडा चिकटवला आणि किल्ली दिली. पक्षी तसाच मुका. बायको मात्र कानांवर हात ठेवून धावत आली.

"बंद करा ते! मांजर पळालं माळ्यावर!"

साहेबांनी वर पाहिलं. मांजर खरंच माळ्यावर होतं, शेपूट फुगवून. आणि मांजर काही कुणाची समजूत काढणाऱ्यातलं नव्हतं. साहेबांनी डबी खाली ठेवली.

"म्हणजे... मलाच?"

"तुम्हालाच," बायको हळूच म्हणाली. ते त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखलं.

चाळीस वर्षं छपाईयंत्रांच्या खडखडाटात गेली होती. "बारीक, उंच आवाज आधी जातात," असं सांगून कानाच्या डॉक्टरांनी मशीन बसवून दिलं. घड्याळजीनेही भाता दुरुस्त केला, पण साहेबांनी पुन्हा हात लावायचा नाही या बोलीवर.

संध्याकाळी पक्षी गायला. गिरक्या घेत, सुरावर सूर चढवत. साहेबांचे डोळे भरून आले. एवढ्यात स्वयंपाकघरातून पुटपुटणं आलं, "झालं सुरू! आता जेवणापर्यंत हेच. दुसरा उद्योग नाही माणसाला."

"ऐकू आलं हं!" साहेब आनंदाने ओरडले.

आतली भांड्यांची आदळआपट थांबली. मग बायको हात पुसत दारात आली आणि कधी नव्हे इतक्या गोड आवाजात तिने विचारलं,

"अहो, त्या मशीनचा सेल किती दिवस टिकतो?"