निंबाअप्पांचा अर्धा चहा

निंबाअप्पांना आख्खा चहा पिताना आमच्या मिरचीच्या कारखान्यात कुणी पाहिलं नव्हतं. ग्लास आला की अर्धा बशीत ओतायचा आणि समोरच्याकडे सरकवायचा. "अर्धा तुन्हा, अर्धा मन्हा!" केळं, पेन्सिल, सगळ्याला हाच न्याय. एकदा मला ताप आला, तर अर्धी गोळी मला देऊन अर्धी स्वतः गिळली. ताप मात्र सगळा माझ्याकडेच राहिला.

अप्पा आमचे हिशेबनीस. त्यांनी शेठपुढे एक योजना मांडली. कामगारांनी राजीखुशीनं पगाराचा एक तुकडा पेन्शन खात्यात वळवायचा. तेवढ्या पगारामागे शेठला सरकारात जो वरचा भरणा करावा लागतो, तो वाचेल. त्यातला अर्धा शेठनी कामगारांच्याच खात्यात टाकायचा.

मी सुपरवायझर. केबिनच्या दाराला कान लावून पहिलंच वाक्य ऐकलं आणि सुटलो. मिरचीच्या पोत्यावर चढून गरजलो, "भावांनो, पगार कापताहेत!" पुढे क्रांतीच करणार होतो, पण पायाखालची पूड उडाली आणि ओळीनं अकरा शिंका आल्या. तरी काम फत्ते झालं. योजनेच्या कागदावर एकानंही सही केली नाही.

अप्पा चिडले नाहीत. "भो, तू बी अर्धंच ऐकं," एवढंच म्हणाले आणि उरलेलं अर्धं समजावून सांगितलं. माझं तोंड मिरचीहून लाल.

तिकडे शेठही अडून बसलेले. "बचत माझी. वाटणी कसली?"

"शेठ, पगार कामगार सोडतस. मंग बचत एकला तुम्हनी कशी?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी शेठसमोर बसून आख्खा चहा प्यायला. शेठची बशी कोरडी. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी शेठ कळवळले, "अप्पा, माझा अर्धा?"

अप्पांनी योजनेचा कागद पुढे केला. "पहिले त्यास्ना."

शेठनी सही केली, मगच बशी भरली.

मी पुन्हा पोत्यावर चढलो, या वेळी नाकाला रुमाल बांधून. माझी चूक कबूल केली. मनसोक्त हसून झाल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. आता विसरवाडीच्या नाक्यावर ट्रक थांबला, तरी आमचे हमाल छाती काढून सांगतात, "आम्हना शेठ बचतमाईन अर्धं देस!"

फळ्यावर योजनेतल्या नावांची यादी लागली. अप्पांचं नाव सापडेना.

"मी ते कवळच रिटायर शे, भो. पगारपत्रकवर नई, नुसता व्हाउचरवर. यामां मी बसस नई."

"मग एवढा आटापिटा कशाला?"

"इतला वरीस त्यास्नी मन्हासंगे अर्धा चहा लिधा ना." अप्पांनी बशी माझ्याकडे सरकवली. "आख्खा दिधा, ते माणूस पीसन उठी जास. अर्धा दिधा, ते घडीभर बठस."

अप्पा घरी एकटेच असतात, हे मला ठाऊक होतं. गोदामात माल उतरत होता, मला घाई होती. मी खुर्ची ओढली आणि ती अर्धी बशी जमेल तितकी सावकाश संपवली.