सात मिरच्यांचा ठसका

यामिनीला स्कॉटलंडला जाऊन अठरा दिवस झाले होते. एकोणिसाव्या दिवशी तिने फोनवर आईला सांगून टाकलं, "आई, माले अठे करमत नई. मी रविवारले घर ई ऱ्हायनी."

गुलाबबाई नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, दिवसभर देठ खुडून नुकतीच घरी आली होती. घरात माणसं दोनच, त्यातलं एक सरकारी शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी सातासमुद्रापार गेलेलं. त्याचे पेढे गल्लीत वाटून महिनाही झाला नव्हता. पोरगी परत आली तर लोक हसतील, ते हसू देत. पण शिष्यवृत्ती एकदा सोडली की पुन्हा मिळायची नाही.

तसा यामिनीला तिकडे त्रास काहीच नव्हता. वसतिगृहात तिच्या मजल्यावर बारा खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. जिन्यात कोणी भेटलं की हसायचं आणि हसून झालं की आपापल्या खोलीत शिरून दार लावायचं. यामिनी भात शिजवून खोलीत नेई आणि अर्धा टाकून देई.

शेजारी राहणाऱ्या आणि पथारीवरही सोबत असणाऱ्या धनुबाईने हे ऐकून तिथल्या तिथे निदान केलं. अन्न गोड लागत नाही, मन रमत नाही, म्हणजे नजर. पेढे वाटले तेव्हाच लागली असणार. सात मिरच्या आणि मूठभर मीठ ओवाळून निखाऱ्यावर टाकायचं. ठसका लागला तर नजर नव्हती, आणि मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर नजर पक्की. पोरगी हजारो किलोमीटरवर आहे, ही अडचण धनुबाईला अडचण वाटली नाही. फोनमध्ये तोंड दिसतंय ना, मग फोनवरून ओवाळा.

फोन पाटावर ठेवला, ओवाळलं, मिरच्या निखाऱ्यावर टाकल्या. दोघी नाक पुढे करून बसल्या. मिरच्यांचा कोळसा झाला, पण दोघींपैकी एकीलाही ठसका लागला नाही. वीस वर्षं मिरचीच्या खकाण्यात काढलेल्या बायांना सात मिरच्यांनी ठसका लागेलच कशाला, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

"इतली जबर नजर मी जलममा देखी नई," धनुबाई म्हणाली. "ही अठून उतरनार नई. पोरीले तठेच मिरच्या जाळू दे."

यामिनीचा नजरेवर विश्वास नव्हता. ती मातीच्या शास्त्राचा अभ्यास करायला गेली होती. पण एवढं कर आणि मग खुशाल ये, असं आईने म्हटल्यावर तिने घरून नेलेल्या पिशवीतल्या मिरच्या काढल्या. निखारे नव्हते, म्हणून तवा घेतला. धूर बाहेर जाऊन इतरांना त्रास नको म्हणून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. फोन किटलीला टेकवून ठेवला.

तिसरी मिरची काळी पडली आणि फोनमध्ये धुराशिवाय काही दिसेना. मग इमारतीतला धोक्याचा भोंगा वाजायला लागला. गुलाबबाईला छत दिसलं, जिना दिसला, कोणाचे तरी नुसते मोजे घातलेले पाय दिसले आणि शेवटी हिरवळीवर पांघरुणं गुंडाळून खोकणारी सगळी इमारत दिसली. मागून आगीचा बंब आला.

गुलाबबाईने पहिला प्रश्न विचारला तो कामाचाच. "ठसका लागना का?"

"तीनशे जनले लागना, आई. बंबवालासले बी लागना."

धनुबाईने कपाळाला हात लावला. "मंग नजर व्हतीच नई."

"मंग तुले व्हयनं तरी काय, पोरी?" गुलाबबाईने विचारलं.

"कोनी बोलत नई व्हतं, आई," यामिनी म्हणाली. तेवढ्यात खोकत खोकत शेजारच्या खोलीतली उंच मुलगी आली, आपल्या पांघरुणाचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं आणि काहीतरी विचारायला लागली. फोन बंद झाला.

वसतिगृहाच्या कचेरीने तेलाशिवाय मिरच्या जाळण्याचं कारण लेखी मागितलं. यामिनीने 'घरगुती उपचार' असं लिहून दिलं. कचेरीने पुन्हा असं न करण्याची ताकीद दिली आणि कागद फायलीत गेला. रविवारी यामिनी आली नाही. मिरच्या कशासाठी जाळल्या ते तिने सांगितल्यावर मजल्यावरच्या अकराही जणांना आपली नजर काढून हवी होती. पहिली चाचणी जवळ आली होती. तिने सगळ्यांची नजर बागेत, कोळशाच्या शेगडीवर काढली. सगळे मनसोक्त खोकले आणि आपल्याला नजर नाही म्हणून खूश झाले. मग एकत्र जेवले.

पुढे तिचे फोन आखूड होत गेले. "आई, नंतर बोलसू. खाले सगळा वाट देखी ऱ्हायनात." गुलाबबाई हो म्हणे, फोन ठेवी आणि ताटाकडे बघत बसे. अर्धी भाकरी तशीच राही.

चार दिवस हे पाहून धनुबाई मिरच्या घेऊन आली. ओवाळल्या, निखाऱ्यावर टाकल्या. ठसका कोणालाच लागला नाही, पण गुलाबबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मिरची झोंबनी," ती म्हणाली.

गुलाबबाईच्या डोळ्यांना मिरची झोंबल्याचं धनुबाईने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं.

"उठ," ती म्हणाली. "मन्हा घर जेवाले चाल."