नऊ सेकंदांचा अहवाल

एकदा आलेलं उत्तर पुन्हा काढत बसणं हा बुद्धीचा अपमान आणि विजेचा अपव्यय आहे. चिखलीकडच्या एका कार्यालयाला (नाव नको, पाटीवरूनही ते पुसलं गेलंय) हे सत्य उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा पुरतं कळलं.

विहिरींच्या पाणीपातळीचा मासिक अहवाल काढायला तिथला संगणक चार तास गणित करी. मग इंद्रभानसाहेब एक स्वल्पविराम हलवत. पुन्हा चार तास. दर अहवालात सरासरी अकरा स्वल्पविराम हलत (पैकी सात मूळ जागी परत येत). अखेर कंत्राटी सहायक सारिकाने संगणकाला शिकवलं, की काढलेलं उत्तर जपून ठेव, आकडे बदलले तरच नव्याने मोज. अहवाल नऊ सेकंदांत निघाला.

नऊ सेकंदांत झालेलं काम सरकारी कसं, असा साहेबांना आधी संशय आला. मग गाभा उमगला.

"आकडा नाही बदलला तं गणित नाही?"

"नाही, सर."

"मंग आकडा बदलतेच काऊन?"

परिपत्रक निघालं. विहिरी मोजायच्या दोऱ्या कपाटात जमा झाल्या. पुढचे चौदा अहवाल दशांशापर्यंत तंतोतंत जुळले. एवढं सातत्य निसर्गालाही कधी जमलेलं नाही.

वैशाखात सारिकाच्या वडिलांचा, पंजाबरावांचा, फोन आला. गावची विहीर आटली होती आणि टँकरची मागणी अडली होती, कारण अहवालात एकतीस फूट पाणी.

"हाव बाबा, एकतीसच आहे," सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"मंग त्यातलंच बादलीभर पाठवून दे न वं."

टँकरची बैठक त्याच दिवशी तीनला होती. एक वाजता सारिकाने त्या विहिरीपुढे शून्य टाकलं. संगणक इमानदारीने मोजायला लागला. तीनला दहा कमी असताना साहेब मागे येऊन उभे राहिले. "बैठक थांबत नाही, पोरी. जुना काढ." तिने काढला. नऊ सेकंद. टँकर नामंजूर.

वाचकांनी इंद्रभानसाहेबांना एव्हाना ओळखलं असेलच. त्या दिवसापासून ते रोज सकाळी स्वतःच्या जीपमध्ये चार ड्रम भरून त्या गावाला नेतात (ही नोंद अहवालात नाही). आता हा आकडा धरायचा, तर साहेबांविषयीचं तुमचं मत पहिल्यापासून काढावं लागेल. तुम्हालाही घाई असेल. राहू द्या, जुनंच चालेल.