साळूबाईंचा वायूचा अहवाल

मुलांनो, एका जंगलाला एकदा वायूचं वेड लागलं. शेजारच्या जंगलात खडकातून जळणाचा वायू निघाला, अशी बातमी आली आणि सिंहमहाराजांची झोप उडाली.

"आपल्याकडेही असणारच," महाराज म्हणाले. "शोधा!"

काम साळूबाईंकडे आलं. साळूबाई म्हणजे साळिंदर. जमीन उकरण्यात त्यांचा हात धरणारं जंगलात कोणी नव्हतं. डोहाजवळच्या टेकडीत त्यांचं बीळ होतं, बिळात तीन पिल्लं. टेकडीखाली शेल नावाचा काळा खडक, पापडांच्या चळतीसारखा थराथरांचा. फार जुनं शेवाळ त्यात दबून त्याचा वायू झाला होता आणि बारीक छिद्रांत अडकून बसला होता.

साळूबाईंनी महिनाभर नमुने काढले. कुटले, भाजले, हुंगले. मग लिहिलं : 'वायू आहे. पण खडकात चिकणमाती फार. पाण्याच्या जोरानं फोडला तरी भेगा पुन्हा मिटतात. अख्खा डोह ओतला तरी वायू निघेल चिमूटभर.'

दिवाण होते कोल्होबा. त्यांनी अहवाल वाचला. "पहिलं वाक्य फार सुंदर आहे, बाई. तेवढंच ठेवू."

"अहो, आणि बाकीचं?"

"तळटीपेत टाकू. महाराज तळटीप वाचत नाहीत."

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. सोमवारी टेकडी फोडणार! डोहावर पाइप येऊन पडले. साळूबाई बिळाकडे धावल्या. लेकरं घेऊन जायचं कुठं? त्या रडल्या, मग चिडल्या, मग पुन्हा लिहायला बसल्या.

रविवारी भर दरबारात त्यांनी नवा अहवाल स्वतःच वाचला : 'टेकडीतला वायू किरकोळ. खरा साठा महाराजांच्या गुहेत, पलंगाच्या बरोबर खाली.'

दुसरं वाक्य बाईंनी बिनधास्त ठोकून दिलं होतं. हे आपल्यातच ठेवा हं.

महाराजांनी घसा खाकरला. "धक्के बसतील का हो? राणीसाहेबांना चक्कर येते."

"बसतील ना, महाराज!" कोल्होबा लगबगीनं म्हणाले. "शिवाय एवढं पाणी आणायचं कुठून? आणि जमिनीच्या पोटात काय आहे, कुणी पाहिलंय? आणखी अभ्यास हवा. दहा वर्षं तरी."

"तोवर कुणी कुठंही खणायचं नाही!" महाराज गरजले.

पाइप त्याच संध्याकाळी परत गेले. अभ्यासाचं प्रमुखपद साळूबाईंना मिळालं. पहिल्याच दिवशी रजा टाकून त्या पिल्लांना डोहावर घेऊन गेल्या.

तात्पर्य : खडकाचा अभ्यास कितीही खोल करा, साहेबांना विज्ञान कळतं, ते खड्डा त्यांच्या पलंगाखाली येतो तेव्हाच.