फुलदाणीचं माहेरपण

आमच्या संग्रहालयातल्या चिनी फुलदाणीने चार दिवस माहेरी जायचा अर्ज केला, तेव्हा तिला सासरी येऊन दोनशे चाळीस वर्षं झाली होती.

अर्ज रीतसर होता. जन्म चीनचा, घडण परदेशी धाडण्यासाठीच. वाटेत फ्रान्समध्ये तिच्या अंगावर सोन्याचा मुलामा दिलेला कांशाचा साज चढला. खाली बैठक, मध्ये कमरपट्टा, दोन्ही बाजूंना मुठी. तिथून ती आमच्या संस्थानिकांकडे आली, आणि तेव्हापासून तिला न्यायला माहेरहून कुणी फिरकलं नाही. वाचून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? मी इथली नोंदणी कारकून, पण भाऊबीजेला भाऊ तासभर उशिरा आला तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

अभिरक्षक घारपुरेसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "मुऱ्हाळी कोण? न्यायला माहेरचं माणूस आल्याशिवाय लेक पाठवत नाहीत."

"चीनहून आता कोण येणार?" फुलदाणी हळूच म्हणाली.

"मग नियमात बसत नाही."

दारातून तातोबा शिपाई म्हणाला, "साहेब, मी भाऊ. एकोणीस वर्षं मीच पुसतोय तिला."

साहेबांनी 'मानलेला' असा शेरा मारून सही केली. दागिने सासरीच राहतील, ही अट. साज उतरवल्यावर ती एवढीशी दिसली. मी तिची ओटी भरली. तोंडातून नारळ जाईना, म्हणून सुपारीवर भागवलं. तातोबाने तिला मांडीवर घेऊन एसटीने नेलं.

चार दिवस ती त्याच्या स्वयंपाकघरात फडताळावर बसून होती. फुलं धर म्हणून कुणी सांगितलं नाही. त्याची बायको हौसाबाई रोज विचारायची, "काय करू गं तुला?" ती म्हणायची, "करा काहीही, वहिनी."

पाचव्या दिवशी ती परत आली आणि कमरपट्टा बसेना. अर्धा इंच कमी पडत होता. नेमकी त्याच दुपारी वार्षिक तपासणी. माप बदललं म्हणजे वस्तू बदलली, असा नियम आहे. तातोबाची नोकरी जाणार होती आणि तिचं माहेर कायमचं तुटणार होतं.

तपासणीला कदमबाई आल्या. त्यांनी टेप लावला, नोंदवही पाहिली, पुन्हा टेप लावला.

"कुठे होती ही?"

"माहेरी," मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. पट्टा सैल करायला तांबटाकडे द्या म्हणाल्या. मग जुन्या मापासमोर लिहिलं, "तेव्हा रोडावलेली होती."