बेलवलीचे रोमकर काका

इटलीतल्या जुन्या चित्रकाराची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही संगमरवर, कारंजी वगैरे डोळ्यांसमोर आणली असतील ना? पुसून टाका. बदलापूरला, बेलवलीत या. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर सुभाषकाका राहतात. बेल वाजवलीत तर 'या, बसा' नाही म्हणणार. ओरडतील, "तिथंच थांब! मान डावीकडे!"

काकांना पाहुणा दिसतच नाही. पुतळा दिसतो.

त्यांचा एक इटालियन गुरू आहे. त्याला मरून शेकडो वर्षं झालीत, पण काका असे बोलतात जणू कालच सोबत कटिंग मारली. "सोनाराचा पोरगा रे! रोमला गेला आणि काय केलं? पुतळे बघून नुसती पेन्सिल घासली. मग जिवंत माणूस. रंग सगळ्यात शेवटी! माझा बापही उल्हासनगरला सोनारकामच करायचा. सेम टू सेम. फक्त मला रोमऐवजी एमआयडीसी लागली."

अंबरनाथच्या कंपन्यांमध्ये काकांनी जन्मभर 'धोका' लिहून खाली कवट्या रंगवल्या. कवटीचे दातसुद्धा अभ्यास करून.

आता बदलापुरात पुतळे कुठून आणणार? म्हणून पार्सलवाला आला की त्याच्या अंगावर पांढरी चादर टाकायची.

"चुण्या पडू दे. हलू नको."

"अंकल, ओटीपी बोलो ना!"

"रोममध्ये ओटीपी नसतो!"

मी पडलो नकलाकार. गणपतीत काकांची तीच चादर दोरीवरून ढापली, अंगाला गुंडाळली आणि स्टेजवरून त्यांच्याच आवाजात ओरडलो, "चुण्या पडू दे!" पब्लिक लोळायला लागली. तेवढ्यात काका उठून सरळ स्टेजवर आले. म्हटलं, मेलो.

काकांनी माझ्या खांद्यावरची घडी जरा सारखी केली. हळूच म्हणाले, "आहे तसाच घरी चल."

घरी स्टँडवर एक चित्र होतं. काकूंचं. चेहरा पूर्ण, हात पूर्ण, खांद्यांवरून पांघरलेल्या चादरीच्या जागी कोरा कॅनव्हास. काकू गेल्या तेव्हा चित्र तिथवरच आलं होतं. माझ्या अंगावरची चादर त्यांचीच.

"कुणी उभंच राहत नाही रे," काका म्हणाले. "आणि तुझे खांदे तिच्यासारखेच उतरते आहेत."

राहिलो उभा. पायाला मुंग्या आल्या, नाकावर डास बसला. हळूच दाराकडे सरकलो.

"ए नालायका! स्टेजवर माकडासारखा नाचतोस, इथं दोन मिनिटं उभं राहवत नाही? मध्येच उठून जायचं नाही, सांगून ठेवतो! एकीनं केलंय तसं. तेवढं बास!"