अंतर पडू देऊ नका

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली बाबा गेले, तेव्हा त्यांना पोहोचवायचं काम आपण अगदी बिनचूक पार पाडणार, असं धाकटीने आईला ठासून सांगितलं होतं.

बाबा कारखान्यात टर्नर. सायकलला छोटं इंजिन त्यांनी स्वतः बसवलं होतं, आणि पोटच्या पोरांपेक्षा त्याच्या तापाची काळजी जास्त केली होती. "याला पंखा नाही, पाणी नाही. वारा लागला तरच ते गार राहतं," हे घरात रोजचं. शेवटच्या आजारात त्यांनी धाकटीकडे एकच मागितलं. "मला नेतील त्या गाडीपुढे सायकल इंजिनावर चालव. ढकलत नेऊ नकोस. लोक म्हणतील, बिघडली."

अडचण दादाची होती. मित्राला मागे बसवून चढावर पहिलं इंजिन जाळलं, म्हणून बाबांनी हाकललेला हा थोरला, सात वर्षांनी दारात उभा होता. आता तरी तो राहावा, एवढीच आईची इच्छा.

"तमाशा होणार असेल तर मी आल्या पावली परत जाईन," दादा म्हणाला.

"तमाशा कसला त्यात? पुढे हळूहळू चालवायची," धाकटी म्हणाली.

दादाने शववाहिकेच्या ड्रायव्हरला स्वतः बजावलं, "सायकलच्या मागेच राहा. अंतर पडू देऊ नका." ड्रायव्हर नवा, नोकरीला जपणारा. आई त्याच्या शेजारी बसली, दादा आणि मंडळी मागून पायी.

पहिल्या गल्लीत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. दुसऱ्या गल्लीत धाकटीच्या पिंढरीला धग लागू लागली. माणसांच्या चालीने वारा कुठून लागणार? चौकाशी इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं, जळक्या तेलाचा वास सुटला. बंद पडलं तर बाबांना दिलेला शब्द गेला. चौकाला वेगात एक फेरी मारू, वारा देऊ, आणि गुपचूप जागेवर येऊ, असं ठरवून तिने मूठ पिळली.

ड्रायव्हरने अंतर पडू दिलं नाही.

अर्ध्या फेरीत तिला आरशात शववाहिका दिसली, काचेआड आई. ती घाबरून स्मशानाच्या रस्त्याने आणखी जोरात सुटली. तोही सुटला. फुलं रस्ताभर उडाली, मंडळी चपला हातात घेऊन धावू लागली.

"अहो, त्यांना आता कसली घाई?" न्हावी दुकानातून ओरडला.

इंजिन मात्र सुरेख गुणगुणत होतं.

स्मशानाच्या फाटकाशी बऱ्याच वेळाने दादा पोहोचला. एका पायात बूट नव्हता.

"अजूनही या घरात इंजिनापुढे माणसाला किंमत नाही," तो म्हणाला.

"साहेब, अंतर पडू देऊ नका, असं तुम्हीच सांगितलंत," ड्रायव्हर म्हणाला.

आई खाली उतरली. केस सावरत शववाहिकेकडे बघत राहिली.

"जन्मात एकदा यांच्याबरोबर जोरात गेले," ती म्हणाली. "मला कधी मागे बसवलं नाही. इंजिन तापेल म्हणायचे."



दादा त्याच संध्याकाळी निघून गेला. आईने मरेपर्यंत त्याची वाट पाहिली. तिला पोहोचवायला तो आला, पण या वेळच्या ड्रायव्हरशी एक अक्षर बोलला नाही. बाबांच्या वेळच्या ड्रायव्हरची नोकरी तेव्हाच गेली होती. पुढे तो रुग्णवाहिका चालवू लागला, आणि तिथे त्याचं फार नाव झालं. धाकटीच्या पिंढरीवरचा चट्टा अजून आहे. सायकल मागच्या खोलीत उभी असते. इंजिनाचं म्हणाल, तर ते आता अगदी गार असतं.